सोलापूरहून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मनाली: बर्फ, पाऊस, थंडी नक्की कशी असते?

विणकराची_लेक (धागा सुरू केला) · ९ मार्च

नमस्कार मंडळी.

माझे वडील, आप्पा, ६९ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी चादरी विणल्या. आधी पूर्व भागातल्या एका कारखान्यात, नंतर घरच्या दोन मागांवर. त्यांच्या हातची चादर कुठल्या कुठल्या थंडीत कोणाकोणाच्या अंगावर गेली असेल देव जाणे, पण त्यांनी स्वतः बर्फ कधीच पाहिलेला नाही. परवा टीव्हीवर बर्फाचा डोंगर दाखवत होते, तेव्हा मला विचारलं, "हातात घेतल्यावर मिठासारखं लागतं, का कापसासारखं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री ठरवलं की यंदा न्यायचंच.

मुलाची दहावी संपते आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे बसने मनाली असा बेत आहे. आपल्याकडे होळी जळाली, थंडी पळाली. आत्ताच दुपारी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय बाहेर पडवत नाही. तिकडचं मात्र काही कळेना. एक ट्रॅव्हलवाले म्हणतात बर्फाची गॅरंटी, दुसरे म्हणतात तोवर सगळं वितळलेलं असतं. फोनवर पाहिलं तर रोज ढग-पावसाचं चित्र दिसतं. पाऊस म्हणजे दिवसभर का? आप्पांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. जे त्या दिवसांत तिकडे राहिलेत किंवा फिरलेत त्यांनी सांगावं.

हुरडा_पार्टी · ९ मार्च

बर्फच बघायचा तर जानेवारीत जायला हवं होतं. एप्रिल म्हणजे उन्हाळाच की तिकडेही.

सिद्धेश्वर_पेठ · ९ मार्च

महाबळेश्वर का नाही? १३७२ मीटर उंचीवर आहे, सकाळी निघालं की संध्याकाळी पोहोचतो. चैत्रात तिथे अंजनी फुललेली असते, सगळी झुडपं निळी-जांभळी होतात. वयस्कर माणसाला दोन रात्री बसमध्ये कशाला?

विणकराची_लेक · ९ मार्च

दादा, महाबळेश्वर आप्पांनी तीनदा पाहिलंय. बर्फ नाही पाहिला.

ब्यास_काठची · १० मार्च

ताई, मी मूळची बार्शीची. यजमानांच्या नोकरीमुळे गेली नऊ वर्षं कुल्लूजवळ राहते. हुरडा_पार्टी यांचं म्हणणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे "मनालीचं हवामान" असं एकच काही नसतं. वसंत इथे पायथ्यापासून वर चढत जातो. मंडी साधारण ८०० मीटरवर, कुल्लू १२०० च्या थोडं वर, मनाली २०५०, सोलंग २५०० च्या आसपास, आणि पलीकडे लाहौलला नेणाऱ्या अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३०६० मीटरवर. मार्चच्या सुरुवातीला खालच्या गावांत बदाम आणि जर्दाळू फुलतात. मग आलुबुखार आणि नाशपाती. एप्रिलमध्ये सफरचंद, तेही सगळीकडे एकदम नाही. आमच्या गावात पाकळ्या गळायला लागतात तेव्हा वरच्या गावात कळ्या नुसत्या गुलाबी झालेल्या असतात. आणि त्याच दिवशी सोलंगच्या वर उतारांवर बर्फ असतो. गाडीत बसून तासा-दोन तासांत तुम्ही चैत्रातून पौषात जाता. आप्पांना एकाच दिवशी फुललेली बाग आणि बर्फ दोन्ही दाखवता येईल असे वर्षातले हेच दोन-तीन आठवडे. जानेवारीत बर्फ भरपूर, पण सगळी झाडं खराट्यासारखी, आणि रस्ता बंद पडला तर खोलीत कोंडून राहायचं.

आता पावसाचं. मार्च हा आमच्या खोऱ्यातला पावसाळा सोडून सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक. एप्रिलमध्ये कमी होतो, संपत नाही. आपल्याकडच्या श्रावणासारखी झड मात्र नसते. दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे रोजची: सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, अकरा-बारानंतर डोंगराच्या माथ्यावर ढग जमायला लागतात, दुपारी तीन-चारला गडगडाट, एखादी सर, कधी गारा, संध्याकाळी पुन्हा मोकळं. ऊन चढलं की खोऱ्यातली हवा तापून उतारांवरून वर जाते, त्याचा हा खेळ. म्हणून आम्ही वर जायचं काम सकाळी उरकतो. दुसरी तऱ्हा पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावाताची. तो आला की दोन दिवस, कधी तीन, सगळं राखाडी. मनालीत पाऊस, वर बर्फ. तापमान एका रात्रीत आठ-दहा अंश उतरतं.

एरवी एप्रिलच्या सुरुवातीला मनालीत दिवसा १५ ते २०, पहाटे ५ च्या आसपास. झंझावातात दिवसासुद्धा १० च्या खाली.

तेव्हा माझं एकच सांगणं: तारीख धरून बर्फाचा हिशोब करू नका, उंची धरून करा. आणि एक दिवस मोकळा ठेवा. पाच दिवसांत सहा ठिकाणं बसवून येणारे लोक मी दरवर्षी रडकुंडीला आलेले पाहते.

काळी_माती · १० मार्च

ताईंनी झंझावाताचं लिहिलंय म्हणून विचारतो. मी पंढरपूर तालुक्यातला, तीन एकर द्राक्ष, सगळा माल बेदाण्याला. आत्ता रॅकवर बेदाणा पडलाय. टीव्हीवर काश्मीर-हिमाचलात बर्फ पडला असं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट झाली तेव्हा आमच्या शिवारात द्राक्षाचा घड शिल्लक राहिला नव्हता, ज्वारी आडवी झालेली. तेव्हाही उत्तरेत असंच काहीतरी चाललेलं म्हणायचे. ह्याचा त्याचा खरंच संबंध असतोय का, का आमची आपली धास्ती?

वाऱ्याची_दिशा · १० मार्च

काळी_माती, तुमची धास्ती बिनबुडाची नाही. मी पुण्यात हवामानशास्त्र शिकलो, म्हणून जमेल तसं सोपं करून सांगतो.

भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या बाजूला तयार झालेल्या हवेच्या लाटा उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या उत्तरेला येतात. यालाच पश्चिमी झंझावात म्हणतात, हिंदी बातम्यांत पश्चिमी विक्षोभ. हिमालय आडवा आला की ही हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि पाऊस-बर्फ पाडते. उत्तरेतला गहू, हिमाचलचं सफरचंद, उन्हाळ्यात नद्यांना येणारं पाणी, सगळं बरंचसं याच बर्फावर.

आपल्यापर्यंत त्याचा पाऊस सहसा येत नाही. पण कधीकधी वरच्या वाऱ्यांतली ती लाट बरीच दक्षिणेला लोंबते, थेट मध्य भारत आणि महाराष्ट्रापर्यंत. म्हणजे आपल्या डोक्यावर पाच-सहा किलोमीटरवर थंड, कोरडी हवा येऊन बसते. खाली जमीन तापलेली. त्यात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा आला की भडका उडतो. सोलापूर, मराठवाडा हा पट्टा तर मार्च ते मे अशा जागी असतो की दोन दिशांचे वारे बरेचदा इथेच एकमेकांना भिडतात. गरम दमट हवा वेगाने वर उसळते, ढगाचा माथा पाणी गोठतं त्या उंचीच्या कितीतरी वर जातो, पाण्याचे थेंब ढगातच वर-खाली होत थरावर थर चढवत गारा बनतात. २०१४ ला हीच स्थिती दिवसेंदिवस हटली नाही, म्हणून नुकसान तेवढं झालं.

प्रत्येक झंझावाताने आपल्याकडे गारा पडतात असं मात्र नाही. लाट किती दक्षिणेला आली आणि खाली दमट हवा आहे का, दोन्ही जुळावं लागतं. शेडवर पन्नी तयार ठेवा, विजांसाठी दामिनी ॲप ठेवा. ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय आणि गावात मी ते कामी येताना पाहिलंय.

ताई, तुमच्यासाठी उंचीचा हिशोब: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. सोलापूर ४६० मीटरच्या आसपास, मनाली २०५०, म्हणजे नुसत्या उंचीने दहा अंशांचा फरक. वर मनाली आपल्यापेक्षा चौदा-पंधरा अक्षांश उत्तरेला. बोगद्यापाशी गेलात की आणखी सहा-सात अंश वजा करा.

एक अवांतर. पुण्यातल्या हवामान खात्याला जुने लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, चौकाचंही नाव तेच. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून. नंतर १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, नाव पुण्यातच राहिलं. डोंगरावरच्या हवेशी आपलं नातं असं जुनं आहे.

काळी_माती · १० मार्च

उलगडा झाला साहेब. पन्नी आजच काढतो.

रानवाटा · ११ मार्च

ब्यास_काठची यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी उत्तराखंडात या दिवसांत चारदा गेलोय, चोपता-तुंगनाथ बाजूला. चोपता २७०० मीटरच्या आसपास. खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुरांस फुललेला, लालभडक, आपल्या पळसाची आठवण यावी असा. फरक इतकाच की पळस पानं टाकून फुलतो आणि बुरांसची पानं हिरवीगार असतात. तो उत्तराखंडचा राज्यवृक्ष, त्याचं सरबत घरोघरी करतात. मार्चच्या मध्यावर तिथे फूलदेई असते, पोरं सकाळी सकाळी रानातली फुलं आणून दारोदार उंबऱ्यावर टाकतात. मी ज्या घरी उतरलो होतो त्या आजींनी पोरांना गूळ-तांदूळ दिले आणि मला म्हणाल्या, तूही टाक दोन फुलं. ती सकाळ मला जन्मभर पुरेल.

आणि त्याच दिवशी दुपारी तुंगनाथच्या वाटेवर मी मांडीपर्यंत बर्फात रुतलो होतो. मंदिर ३६८० मीटरवर. म्हणून पुढचं लिहितोय, कृपा करून गांभीर्याने घ्या.

वसंतातला बर्फ फसवा असतो. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री तेच पाणी गोठून काच होते. सकाळी लवकर रस्त्यावर दिसतही नाही, पाय ठेवला की माणूस आडवा. दुपारी उलट, सगळं भुसभुशीत होतं आणि तीव्र उतारावरून थरच्या थर सुटतात. जुन्या घट्ट बर्फावर झंझावाताने नवा बर्फ टाकला आणि मागोमाग कडक ऊन पडलं की धोका सर्वांत जास्त. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु ला रस्त्यावर हिमस्खलन झालं, त्यात ७ पर्यटक गेले. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला, ८ जणांचा जीव गेला. वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुलं येतात, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. जिथे अडवलंय तिथून एक पाऊलही पुढे जायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

विणकराची_लेक · ११ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाटा दादा, तुमचा मजकूर घरात सगळ्यांना वाचून दाखवला. एक दिवस वाढवून घेतलाय. आता कपड्यांचं विचारते. आप्पा म्हणतात, आपली चादर असताना बाहेरचं पांघरूण कशाला. दोन चादरी बॅगेत भरूनही ठेवल्यात.

ब्यास_काठची · १२ मार्च

चादर जरूर आणा, पण तिच्यावर विसंबू नका. आपली सोलापुरी चादर सुती. कोरड्या थंडीत उत्तम, बसमध्ये तर तिच्यासारखी सोय नाही. पण इथली थंडी या दिवसांत ओली असते. सुताने ओल धरली की ऊब जाते, लोकर भिजली तरी थोडी राखते. आप्पांना आतून लोकरीचा किंवा थर्मलचा एक थर, वर स्वेटर, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट. पायात जाड मोजे आणि तळ खडबडीत असलेले बूट. बर्फावर काळा चष्मा हवाच, नुसत्या उजेडाने डोळे सुजतात.

बोगदा ओलांडून सिस्सूला नेणार असाल तर ते ३१०० मीटरच्या आसपास आहे. राहू नका, दोन तास थांबून खाली या. रक्तदाब आहे तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. पहिला दिवस मनालीतच हळू हळू फिरा. रोहतांग खिंडीचं कोणी नाव काढलं तर विसरा. ती ३९७८ मीटरवर, सहसा मे महिन्याच्या सुमारास उघडते. आणि नव्याने बर्फ पडला की बोगद्याकडचा रस्ताही पर्यटकांना बंद करतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

हुरडा_पार्टी · १२ मार्च

मी माझं म्हणणं मागे घेतो. इतकं काही माहीत नव्हतं. ताई, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या, दिल्लीपर्यंत आणि दिल्लीपुढेही चालते.

सिद्धेश्वर_पेठ · १२ मार्च

+१. आणि आल्यावर इथे लिहा. नाहीतर प्रश्न विचारून सगळे गायब होतात.

विणकराची_लेक · ११ एप्रिल

लिहितेय दादा. परवाच परतलो. स्टेशनवर उतरलो तर अंगाची लाही झाली, गाडीत घातलेला स्वेटर हातात धरवेना.

पहिल्या दिवशी आभाळ स्वच्छ. उतरल्या उतरल्या समोर पांढरे डोंगर दिसले, आप्पा बराच वेळ बोललेच नाहीत. ऊन चांगलं होतं, तरी सावलीत गेलं की थंडी बोचायची. ऊन आणि सावली यांत एवढा फरक असतो हे मला नवीन होतं. आपल्याकडे सावलीतही झळ लागते. संध्याकाळी जुन्या मनालीकडे चालत गेलो, तिथे आलुबुखाराची झाडं पांढरी झालेली.

रात्री आप्पा बाहेर उभे होते. मला हाक मारली. चंद्राभोवती मोठं खळं पडलं होतं. म्हणाले, उद्या पाणी येतंय. फोनवर पाहिलं तर हवामान खात्याचा दोन दिवसांसाठी पिवळा इशारा होता. आप्पांना फोनची गरजच लागली नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस पाऊस. सकाळ-दुपार एकसारखा रिमझिम, पारा सात-आठवर. आमच्याच हॉटेलात एक कुटुंब होतं, त्यांनी तीन दिवसांचंच बुकिंग केलं होतं. ते बर्फ न बघता परत गेले, त्यांची छोटी पोरगी बसमध्ये बसताना रडत होती. ब्यास_काठची ताई, तुमचा मोकळा दिवस मला तेव्हा कळला.

पावसाचे दोन दिवस वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. हॉटेलच्या मालकांनी सांगितलं की जवळच एका घरात शाल विणतात. आप्पांना घेऊन गेले. लाकडी हातमाग, आपल्याकडे आजोबांच्या वेळी असायचा तसाच, एक बाई कुल्लूच्या शालीची किनार विणत बसलेली. आप्पांना हिंदी फारसं येत नाही आणि त्या बाईंना मराठी येत नव्हतं. पण आप्पांनी ताण्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं, त्यांनी हाताने दाखवलं, आणि मग तासभर दोघांचं चाललं. किनारीवरचं नक्षीकाम त्या बोटांनी एकेक रंगाचा धागा उचलून भरतात. आप्पा म्हणाले, आपल्याकडे हे मागावरचं जॅकार्ड यंत्र करतं, ही बाई डोक्यातून करते. निघताना आप्पांनी बॅगेतली एक चादर काढून त्या बाईंना दिली. त्यांनी ती उलटी करून आधी मागची बाजू बघितली. आप्पांना त्याचा फार आनंद झाला. जाणणारा माणूस कापड उलटं करूनच बघतो म्हणाले.

चौथ्या दिवशी उजाडताना पाऊस थांबला होता. समोरच्या डोंगरावर बर्फाची रेघ खूप खाली आली होती, देवदारांच्या शेंड्यांपर्यंत. बोगद्याकडचा रस्ता बंदच होता, आम्ही हट्ट केला नाही. सोलंगच्या बाजूला जाऊ देत होते, सकाळी नऊला पोहोचलो. वीतभर ताजा बर्फ, त्यावर ऊन. डोळे उघडवेनात, चष्म्याचं सांगितलंत ते फार बरं झालं. मुलाने आप्पांचा हात धरला होता. ते खाली वाकले, हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला आणि दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ नाही अन् कापूसही नाही. ज्वारीच्या पिठात पाणी घातल्यावर पहिल्यांदा हाताला लागतं ना, तसं. गोळा होतोय बघ."

साडेअकराला माथ्यावर ढग जमायला लागले, आम्ही खाली आलो. तीनला खरंच गडगडलं.

ब्यास_काठची · ११ एप्रिल

आप्पांनी अचूक ओळखलं. हा वसंतातला ओला बर्फ, मुठीत गोळा होतो. जानेवारीतला कोरडा असतो, दाबला तरी बोटांतून सांडतो. त्या दोन दिवसांत आमच्या बागेतही फुलं भिजली, मधमाशा पेट्यांतून बाहेर आल्याच नाहीत. फळ किती धरतंय ते महिन्याभराने कळेल. माझ्याकडून आप्पांना नमस्कार सांगा.

काळी_माती · ११ एप्रिल

ताई, तुमच्याकडं पाऊस होता त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं संध्याकाळी वारं सुटलं, विजा झाल्या, शिंतोडे पडले. गारा नाही. बेदाणा त्याआधीच पेटीत गेला होता. आप्पांना एक किलो पाठवायचाय. सोलापूरला कुठं द्यावा तेवढं खासगी निरोपात कळवा.